पोलीस ठाण्याच्या दप्तरातील महाराष्ट्र

पोलीस शिपाई हा आपल्या सार्वजनिक जीवनात रोज दृष्टीस पडणारा, पण इतिहासात क्वचितच आढळणारा मनुष्य आहे. राजवंशांच्या बखरी आहेत, पलटणींचे इतिहास आहेत, रेल्वेचे व टपालखात्याचे इतिहासही हौसेने लिहिले गेले आहेत. पोलीसदलाविषयी मात्र कादंबऱ्या, नाटके व चित्रपट विपुल आणि इतिहास मोजका, अशी स्थिती दिसते. जे दल दिवसरात्र लिहीत असते, ज्याच्या प्रत्येक ठाण्यात घटकाघटकाची नोंद होते, त्याच दलाची आठवण इतकी विरळ असावी हे काहीसे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. ह्या राज्याच्या पोलीसदलाचा स्थापनादिन २ जानेवारी हा मानला जातो. १९६१ साली ह्या दिवशी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांनी दलास ध्वज प्रदान केला. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळेतील मुले ठाण्यात नेली जातात, त्यांना शस्त्रे दाखविली जातात, बिनतारी संदेशयंत्र कसे चालते हे समजावून दिले जाते. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद मुले वाचून येतात. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा निग्रह हा त्याचा अर्थही त्यांना सांगितला जातो. परंतु जे दल त्या दिवशी ध्वजाखाली उभे राहिले ते मुळी एक नव्हतेच, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा त्याच्या पोलीसदलात निदान चार प्रवाह येऊन मिळालेले होते. पहिला मुंबई इलाख्याचा. त्यातही मुंबई शहराचे पोलीस वेगळे व जिल्ह्यांचे वेगळे, आणि दोहोंचे कायदेही निरनिराळे. दुसरा प्रवाह मध्यप्रांत-वऱ्हाडचा. तेथील कारभार १८६१ च्या पोलीस कायद्यान्वये चालत आलेला. तिसरा निजामाच्या राज्यातील मराठवाड्याचा. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत तेथील दप्तराची भाषा उर्दू, लिपी फारसी आणि कालगणना फसली होती. चौथा प्रवाह कोल्हापूर, सांगली, औंध इत्यादी संस्थानांच्या लहानमोठ्या दलांचा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विदर्भ व मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक राज्यात आले. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा पुढे सर्वत्र लागू झाला आणि २०१२ साली त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस कायदा असे बदलण्यात आले. कायदा एक झाला, गणवेश एक झाला. भाषेत मात्र जुने प्रवाह अजून ओळखू येतात. पश्चिम महाराष्ट्रातील ‘फौजदार’ नागपूरकडे गेला की ‘ठाणेदार’ शब्द कानी पडतो, आणि मराठवाड्यातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘अमीनसाहेब’ होते. अमीन म्हणजे निजामी अमलातील पोलीस अधिकारी.

इतिहासाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, ह्या एका दलाचे जुने कागद इंग्रजी, मराठी, उर्दू व हिंदी ह्या भाषांत आणि मोडी, फारसी, बाळबोध व रोमन ह्या लिप्यांत विखुरलेले आहेत. पुण्यात बसून मराठवाड्याचा इतिहास लिहू म्हणणाऱ्यास उर्दू वाचता आले पाहिजे, फसली सनाचा इसवी सन करता आला पाहिजे. मोडी वाचणारे जसे दुर्मिळ झाले, तसेच जुनी घसट उर्दू वाचणारेही होत चालले आहेत. कागद असला तरी वाचणारा नसला म्हणजे तो नसल्यासारखाच होय.

ह्याहून मागे जावयाचे तर कोतवालापाशी जावे लागते. पेशवाईतील पुण्याचा कोतवाल नगराची रखवाली करी, बाजारावर नजर ठेवी, येणाराजाणाराची नोंद राखी, किरकोळ तंटे तोडी आणि दंड वसूल करी. खेड्यांतून हेच काम पाटील, महार, रामोशी व जागल्या ह्यांच्याकडे वतनाने होते. ह्या व्यवस्थेचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात संपादिले. पण पुण्याचा कोतवाल म्हटले की मराठी मनुष्यास कागद आठवत नाहीत, घाशीराम आठवतो. १७९१ साली त्याच्या कोठडीत वीसांहून अधिक ब्राह्मण गुदमरून मेले आणि क्षुब्ध जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. १८६३ साली मोरोबा कान्होबा ह्यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले, १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले, आणि तो कोतवाल दोनशे वर्षांनंतरही जिवंत राहिला. चांगल्या कोतवालांची नावे कोणास ठाऊक नाहीत. लोकांची स्मृती पोलिसाकडे कशी पाहते, ह्याचा हा बोलका नमुना आहे. आणि दलाने आपला इतिहास स्वतः जपला नाही, तर तो दुसरे कोणीतरी आपल्या परीने सांगतातच, हेही त्यावरून कळते.

मुंबई शहरापुरते पाहिले तर एक जुने पुस्तक उपलब्ध आहे. १९०९ ते १९१६ पर्यंत पोलीस कमिशनर असलेले एस. एम. एडवर्ड्स ह्यांनी १६७२ पासूनचा शहर पोलिसांचा इतिहास लिहून १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. गव्हर्नर जेराल्ड आँजियर ह्याने उभारलेल्या भंडारी पथकापासून त्याची सुरुवात होते. माहीम, शीव व शिवडी ही त्या पथकाची ठाणी. पुढे १७७९ मध्ये नेमलेला पोलीसप्रमुख जेम्स टॉड लाचलुचपतीच्या आरोपावरून खटल्यास पात्र झाला, हेही त्यात आले आहे. अधिकाऱ्याने लिहिलेल्या इतिहासात हा प्रकार लपविलेला नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

त्याच इतिहासातील चार्ल्स फोर्जेट हे पात्र विलक्षण. मराठी-हिंदुस्थानी अस्खलित बोलणारा, वेष पालटून बाजारातून हिंडणारा हा अधिकारी १८५७ साली मुंबईतील शिपायांच्या गुप्त बैठका हुडकून काढतो. त्या प्रकरणी १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन व मंगल गडिया ह्या दोघांना तेव्हाच्या एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. फोर्जेटच्या नावाचा रस्ता मुंबईत ताडदेवकडे आहे. पोलिसी चातुर्याचा हा उत्तम दाखला मानावयाचा, की परक्या सत्तेच्या सेवेचा? आम्हांस वाटते, दोन्ही खरे आहे, आणि पोलीसदलाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते. हे दल ज्या राज्याचे, त्या राज्याचे पाप-पुण्य त्याच्या खाती जमा होते.

पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी बेळगाव व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे स्वराज्यावर जी व्याख्याने दिली, ती सभेत बसलेल्या पोलीस लघुलेखकांनी शब्दशः उतरून घेतली. त्या टिपणांवरूनच टिळकांकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. बॅरिस्टर जिना ह्यांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. खटला गेला, टिपणे राहिली. सभेच्या गर्दीत, मांडीवर वही घेऊन, पेन्सिल न थांबविता लिहीत बसलेला तो सरकारी कारकून आपण टिळकांच्या विरुद्ध पुरावा गोळा करीत आहोत असे समजत होता. वस्तुतः तो पुढील पिढ्यांकरिता टिळक जतन करीत होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास घेतली आणि १९५७ पासून त्यांचे खंड निघू लागले, ते बव्हंशी ह्याच सरकारी दप्तरांतून. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात, ज्याची स्थापना १८२१ ची आहे, आजही अभ्यासक गृहखात्याची जुनी बाडे सोडून बसलेले दिसतात.

हे झाले वरच्या दप्तराचे. वरिष्ठांकडे गेलेला अहवाल टिकतो. ठाण्यात राहिलेली वही टिकत नाही. सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ वर्ग कायमचा, तर ‘ड’ वर्षभरात रद्दीत. ही व्यवस्था आवश्यकच आहे, नाहीतर ठाण्यात माणसांना उभे राहण्यास जागा उरावयाची नाही. पण कोणता कागद कोणत्या वर्गात घालावयाचा हे ठरविताना इतिहासाचा विचार झालेला नसतो. ठाण्याची दैनंदिनी घ्या. कोण केव्हा गस्तीवर गेला, कोण परत आला, कोणाची गाय हरवली, कोणत्या आळीत भांडण झाले, कोणत्या जत्रेला किती माणसे लागली, नदीला पूर किती वाजता आला, हे सारे त्या त्या दिवशी, त्या त्या वेळी लिहिलेले. गावोगावच्या नोंदवह्यांत गुन्ह्यांबरोबर तंटे, तट, सण व मिरवणुकीचे रस्तेही येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका तालुक्याचे जीवन समजून घ्यावयास ह्याहून विश्वासू साधन सापडणे कठीण. आणि नेमके तेच उंदीर, वाळवी, गळके छप्पर व मुदतीचा नियम ह्यांच्या तोंडी पडत आले आहे. केंद्र सरकारचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा १९९३ चा आहे. परंतु कायदा दिल्लीत किंवा मुंबईत असतो आणि वाळवी तालुक्याच्या ठाण्यात.

आता फिर्याद संगणकावर नोंदली जाते. त्यामुळे कागद वाचला, पण हस्ताक्षर गेले. जुन्या हवालदारांची वळणदार अक्षरे, पंचनाम्याची ती ठरावीक पण चित्र उभे करणारी भाषा (‘सदर इसम उताणा पडलेला असून’ वगैरे) ही एक स्वतंत्र मराठी गद्यशैलीच होती, असे आमचे प्रामाणिक मत आहे. भाषेवर आणखी एक परिणाम व्हावयाचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० हे ३१८ झाले. आपल्या बोलीत इतकी वर्षे मुरलेल्या ‘चारशेवीस’ ह्या शब्दाचा उगम नातवंडांना टीप देऊन सांगावा लागेल.

कोणते आठवावे, हा प्रश्न कागदांच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. सोलापुरात मे १९३० मध्ये चळवळीच्या उद्रेकात पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, दोन पोलीस मारले गेले, शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या खुनाच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे ह्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. सोलापूर ह्या चौघांना हुतात्मे मानते, आणि ते योग्यच आहे. त्या दोन शिपायांची नावे मात्र कोणी घेत नाही. तेही गरीब घरचे, पोटासाठी सरकारी पट्टा बांधलेले ह्याच मातीतील लोक होते. उत्तर प्रदेशात चौरीचौरा येथे ४ फेब्रुवारी १९२२ रोजी ठाण्यासह जळून मेलेल्या पोलिसांचे स्मारक आणि त्या प्रकरणी फाशी गेलेल्यांचे स्मारक, अशी दोन्ही उभी आहेत. एका गावाने दोन्ही दुःखे सांभाळावीत, ह्यात काही शिकण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतरचे प्रसंग तर आणखी जवळचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पोलिसांच्या गोळीबाराने अनेक बळी घेतले. एकूण शंभरांहून अधिक माणसांच्या स्मृत्यर्थ हुतात्मा स्मारक उभे राहिले. ज्या राज्याच्या मागणीसाठी ही माणसे पडली, त्याच राज्याचा ध्वज पाच वर्षांनी त्याच दलाच्या हाती आला. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांनी स्वतःच्या गाऱ्हाण्यांसाठी बंड केले आणि शहर राखण्यास सैन्य व निमलष्करी दले बोलवावी लागली. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात पोलिसांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. ही पाने कोरी ठेवून लिहिलेला इतिहास वाचकांचा विश्वास मिळवू शकणार नाही.

‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींचेही असेच. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार मानलेल्या पारधी, कैकाडी, उचले आदी लोकांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरात तर त्यांची तारेच्या कुंपणातील वसाहतच होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. हजेरीच्या त्या वह्या ठाण्यांना नकोशा झाल्या असतील, परंतु ज्या कुटुंबांचा दुसरा कोणताही लेखी मागमूस नाही त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे तेथेच सापडावयाची. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’स १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या पुस्तकातील पोलीस आणि दलाच्या गौरवग्रंथांतील पोलीस शेजारीशेजारी ठेवून वाचावेत.

पडलेल्यांची आठवण मात्र दल निष्ठेने करते, हे सांगितलेच पाहिजे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीसदलाचे दहा जवान मारले गेले. तेव्हापासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात, आणि वर्षभरात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या प्रत्येकाचे नाव संचलनासमोर वाचले जाते. दिल्लीत २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. तेथील भिंतीवर तेव्हा चौतीस हजारांहून अधिक नावे कोरली होती. महाराष्ट्राची त्यांत मोठी भर आहे. ८ ऑक्टोबर २००९ रोजी गडचिरोलीतील लाहेरीजवळ १७ पोलीस पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, त्याच जिल्ह्यात १५ जवान सुरुंगस्फोटात गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे ह्यांनी हाती केवळ लाठी असताना अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या ह्या माणसास मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, पुतळा झाला. पण आम्हांस सर्वांत हृद्य वाटते ते स्मारक निराळेच आहे. ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीस संशोधकांनी २०२१ मध्ये त्यांच्या नावावरून ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. शास्त्राच्या ग्रंथांतून हे नाव आता पुसले जाणार नाही.

अन्य प्रांतांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. कोलकाता पोलिसांनी राजा राममोहन राय ह्यांच्या जुन्या घरात १९९६ साली संग्रहालय उघडले. किंग्जफर्डच्या वधासाठी क्रांतिकारकांनी जाड कायदेग्रंथाची पाने कोरून आत बसविलेला बाँब तेथे ठेवला आहे. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ मध्ये त्याच शहरात निघाले. त्या पद्धतीचे गणित अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी बसविले, आणि नाव मात्र एडवर्ड हेन्री ह्यांचे लागले. चेन्नईत एग्मोरच्या जुन्या कमिशनर कचेरीचे २०२१ मध्ये संग्रहालय झाले. महाराष्ट्रात वास्तूंची वाण नाही. क्रॉफर्ड मार्केटसमोरील मुंबई पोलिसांची दगडी कचेरी १८९६ पासून वापरात आहे. नाशिकची पोलीस प्रबोधिनी मुळात १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यास निघालेली शाळा. ती १९०९ मध्ये नाशिकला गेली. तलवारी, बिल्ले व बंदुका काचेत मांडणे सोपे. दैनंदिन्या उलगडून, वाचून, त्यांच्या सूच्या करणे जिकिरीचे. खर्च करावयाचा तो दुसऱ्या कामावर अधिक करावा.

आणि ह्या इतिहासाचा बराच भाग सरकारजवळ नाहीच. तो घरांतून आहे. पोलीस लाइनीतील एका खोलीच्या संसारात वाढलेली मुले आज देशभर पांगली आहेत. मुंबईच्या वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींत कित्येक पोलीस कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. त्या चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या, आता त्यांचा पुनर्विकास सुरू झाला आहे. निळा गणवेश, अर्धी विजार आणि पिवळी टोपी ही मुंबईच्या शिपायाची जुनी ओळख. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ चित्रपटाने ती हसण्यावारी नेली आणि ‘पांडू’ हे नाव दलास कायमचे चिकटले, ते अनेकांना झोंबतेही. परंतु त्या टोपीखालचा माणूस सणासुदीला घरी नसे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परते, आणि त्याची बायको लाइनीतल्या चार जणींच्या आधाराने बाळंतपणे काढी, ही हकीकत कोणत्याही नोंदवहीत नाही. ती सांगणाऱ्या बाया आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.

ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी एवढे करावे. ट्रंकेतील छायाचित्रे काढून त्यांच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहावे. शाईने लिहिल्यास ती पुढे फुटते. बक्षिसांची प्रशस्तिपत्रे, बदलीचे हुकूम, घरी पाठविलेली पत्रे चिकटपट्टीने जोडू नयेत. सुती फडक्यात सपाट गुंडाळून कोरड्या जागी ठेवावीत. नेमणुकांची गावे क्रमाने लिहून काढावीत, म्हणजे आठवणी आपोआप त्या त्या गावी जाऊन बसतात. बोलते करताना मोठ्या गुन्ह्यांची चौकशी आरंभी करू नये. पहिल्या दिवशी कोणता गणवेश मिळाला, सायकल होती की पायी गस्त होती, पगार किती होता, असे विचारावे. आजोबा हळूहळू उघडतात. भ्रमणध्वनीत आवाज मुद्रित करता येतो, तो करावा. आणि शक्यतो आजींना वेगळे, आजोबा खोलीत नसताना विचारावे.